चौदा बोल्ट, एक माप

"चौदा? आणि चौदाच्या चौदा एकाच मापाचे?"

मोजता मोजता त्रिशलाचा हात थांबला.

"एकाच मापाचे," मी म्हणालो. "पस्तीस मिलिमीटर लांब. स्टेनलेस. एलनचे, षटकोनी खाचेचे. चकाचक दिसले पाहिजेत."

"दिसतील की चकाचक. बसतील काय?"

"बोल्ट तो बोल्ट. न बसायला काय झालं?"

तिनं मोजलेले सहा बोल्ट परत खोक्यात टाकले आणि काउंटरवर कोपरं टेकून माझ्याकडं बघत राहिली. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात तिच्या मामांचं नट-बोल्टचं दुकान होतं. कॉलेज संपल्यापासून ती मामांकडंच राहून ते सांभाळायची. मी एका पंपाच्या कंपनीचा फिरता माणूस, भूपाल नेजे, वय वर्षं सत्तावीस. वर्षभर मी त्या काउंटरवर कधी नट, कधी वायसर, कधी नुसतंच "नवीन काय माल आलाय?" असं करत घिरट्या घालत होतो. शेवटी मामांनीच एक दिवस विचारलं, "नेजे, तुमच्या पंपांना एवढे नट लागतात होय हो?" त्यावर त्रिशला मान खाली घालून इतकी हसली, की मामांना पुढचं काही विचारावं लागलं नाही.

मामांनी मध्यस्थी केली. माझ्या आईची ना नव्हतीच. येत्या रविवारी जयसिंगपूरला त्रिशलाच्या घरी आम्हाला रीतसर बोलावलं होतं आणि आज शुक्रवार होता. अडचण एकच होती, ती म्हणजे तिचे वडील.

आण्णासाहेब मगदूम साखर कारखान्याच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले तरी कारखान्याचे साहेब अजून त्यांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावत नाहीत, असं लोक म्हणायचे. त्रिशलासाठी आलेली तीन स्थळं त्यांनी परत पाठवली होती. त्यातल्या एकाला का, तर त्याच्या मोटारसायकलची चेन लोंबत होती. "ज्याला चेन ताणायला सवड नाही, तो माझ्या पोरीकडं काय बघणार?" म्हणाले म्हणे.

"आण्णा आधी गाडी बघतात, मग माणूस," त्रिशलानं मला महिन्याभरात दहा वेळा सांगितलं होतं.

आणि माझी गाडी! इंजिन ठणठणीत, पण इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या कव्हरांचे स्क्रू बघवत नव्हते. आधीच्या मालकानं कसलाही पेचकस कसाही फिरवून त्यांच्या चिरा पार झिजवल्या होत्या. गंज चढला होता. एका जागी तर स्क्रूच नव्हता, तार गुंडाळली होती.

"पुठ्ठा आणलाय?" त्रिशलानं विचारलं.

"कसला पुठ्ठा?"

"अहो, बाबालालभाई आणतात तसा. कव्हराचा आकार पुठ्ठ्यावर काढायचा, भोकं पाडायची, आणि जो स्क्रू जिथनं निघेल तो तिथंच खोचायचा. कव्हराला कुठं पंचवीसचा असतो, कुठं पस्तीसचा, कुठं पंचेचाळीसचा. तो पुठ्ठा घेऊन या. मी एकेकाचं माप घेऊन शेजारी नवा खोचून देते. तासाभराचं काम आहे."

बाबालाल मुजावर माझा शाळेपासूनचा दोस्त. राजारामपुरीत त्याचं एका शटरचं गॅरेज होतं. तो असता तर प्रश्नच नव्हता.

"तो गेलाय विजापूरला, भाचीच्या लग्नाला," मी म्हणालो. "सोमवारशिवाय येत नाही."

"मग सोमवारी करा. रविवारी मामांच्या गाडीतनं या. आण्णांना सांगू, गाडी कामाला टाकलीय."

"आणि आण्णा म्हणतील, ह्याची गाडी असली कसली जी ऐन दिवशी कामाला! नको. तू चौदा दे. पस्तीसचे."

"तुम्हाला एक दिवस दम निघत नाही ना?"

नव्हताच निघत. माझ्या अंगात जन्मापासून मुंग्या. एस. टी.ची वाट बघायची पाळी आली की मी पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचो आणि मधल्यामध्ये एस. टी. हुकवायचो. त्रिशलानं सुस्कारा सोडला, चौदा बोल्ट कागदात बांधले आणि पुडी माझ्या हातात देताना म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

नवरा म्हणाली! मी त्या शब्दावरच रात्र काढली.

शनिवारी सकाळी अंगणात गाडी आडवी घेतली आणि भिडलो. जुने स्क्रू सरळ निघेनात, म्हणून छिन्नी लावून हातोडीनं उडवले. बोटांची सालटं निघाली. जो निघाला तो दिला डब्यात टाकून. कुठला कुठनं निघाला, कोण बघतंय! आई पाखडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "अरे, बाबालाल येऊ दे की." मी म्हणालो, "तू गप बस गं."

दुपारपर्यंत दोन्ही कव्हरं पुसून, नवं पॅकिंग लावून बसवली आणि एकेक बोल्ट घालत गेलो. पहिले दहा बसले मस्त. चांदीची फुलं लावल्यासारखं इंजिन दिसायला लागलं. मी उठून लांबनं बघितलं, जवळनं बघितलं, शीळ घातली. पुढचे तीन अर्धं बोट वरच राहिले, आत जाईनात. तिथं भोकं उथळ होती. मग प्रत्येकाखाली चार-चार वायसर घालून ती फट भरली. म्हटलं, चालतंय.

शेवटचा खालच्या अंगाला होता, जिथं आत तेल साठतं. तो भरकन आत गेला, जरासा घट्ट झाला. मला वाटलं, अजून एक अर्धा फेरा द्यावा. दिला. आणि पाना हातात एकदम हलका झाला.

ज्यानं आयुष्यात एकदा तरी हा अनुभव घेतलाय त्याला सांगायला नको. तिथं हवा होता पंचेचाळीसचा. माझा पस्तीसचा जेमतेम भोकाच्या तोंडाच्या दोन-तीन आट्यांना धरून होता, आणि ॲल्युमिनियमचे ते मऊ आटे मी पिळून काढले होते. बोल्ट आता नुसता गरागरा फिरत होता. बाहेर काढला, तर त्याच्या टोकाला चांदीच्या तारेसारखा भुगा गुंडाळलेला. मी तिथंच फतकल मारून बसलो आणि स्वतःला दोन कचकचीत शिव्या घातल्या.

पण शिव्यांनी आटे परत येत नाहीत. चार वाजता मी पुन्हा त्रिशलाच्या काउंटरवर.

"हाताला काय झालं?"

"काही नाही, खरचटलं. एक हॅकसॉचं पातं दे. आणि ती लांबी दे, दोन गोळ्या मळून भेगा बुजवतात ती."

"लांबी कशाला?"

"घरची टाकी गळतीय."

"बोल्ट बसले?"

"बसले की! एक नंबर. मी स्वतः बसवले. कशाला पाहिजे मेस्त्री अन् बिस्त्री!"

"खरं?"

"बघशील की उद्या."

तिच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला, की मला क्षणभर ते खरंच वाटलं. घरी येऊन मी पात्यानं त्या बोल्टचं अंग कापून टाकलं आणि राहिलेलं डोकं लांबीनं भोकावर चिकटवलं. सकाळपर्यंत दगडासारखं वाळलं. वरनं बघितलं तर चौदाच्या चौदा बोल्ट. देव पण ओळखणार नाही, असं मी आईला म्हणालो. तिला काय कळणार? ती म्हणाली, "छान दिसतंय हो."

रविवारी मामा आईला घेऊन त्यांच्या गाडीतनं पुढं गेले. मी मोटारसायकलवर मागनं. अतिग्र्यापर्यंत गाणं म्हणत गेलो. हातकणंगल्याला थांबून वाकून बघितलं, तर त्या डोक्याच्या कडेनं तेलाचा एक थेंब टपोरा होऊन बसलेला. रुमालानं पुसला. तमदलग्याच्या खिंडीत पुन्हा थांबलो, पुन्हा पुसला. इंजिन तापलं की लांबी सुटणार हे मला कळायला पाहिजे होतं. निमशिरगावजवळ तिसऱ्यांदा. तोवर रुमाल काळा झाला होता, तो मी बाभळीत फेकून दिला. मागं फिरावं असं वाटलं. पण पुढं तीन मैलांवर त्रिशला नवी साडी नेसून उभी असणार होती. मागं कोण फिरतंय?

जयसिंगपुरात आठव्या गल्लीत त्यांचं घर. अंगणात धुतलेल्या शहाबादी फरश्या, त्यावर रांगोळी. आण्णा दारातच उभे होते. अंगानं वाळके, पांढरा पायजमा, टोपी, चष्म्याला मागनं दोरी.

"जय जिनेंद्र. या."

"जय जिनेंद्र."

ते माझ्याशी बोलत होते, पण डोळे गाडीवर. मी मुद्दाम गाडी रांगोळीपासून लांब, भिंतीकडं लावली. गळकी बाजू भिंतीला येईल अशी. आण्णा म्हणाले, "तुम्ही बसा आत. मी आलोच."

आत मामा, आई, त्रिशलाची आई. पोहे आले. त्रिशलाच घेऊन आली, मोरपंखी साडीत, आणि ताटली देताना तिनं भुवई नुसती वर केली, म्हणजे "काय, कसं?" मी पण मान डोलवली, म्हणजे "फस्क्लास". आई तिला विचारत होती, स्वयंपाक येतो का, वाचायला आवडतं का. माझं लक्ष सगळं बाहेर. मी पोह्यांतले शेंगदाणे मोजले. घड्याळाकडं बघितलं. पाय हलवायला लागलो तसं आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भूपालराव," बाहेरनं हाक आली, "जरा भाईर येता काय?"

आण्णा गाडीशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी गाडी भिंतीपासून सरकवून उजेडात घेतली होती. फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग. त्यांनी नखानं त्या डोक्याला टिचकी मारली. ते निघून त्यांच्या तळहातावर पडलं.

"हे काय?"

मी रुमालासाठी खिशात हात घातला. रुमाल बाभळीत.

"डोकं हाय आणि अंगच न्हाई," आण्णा म्हणाले. "वरच्या बाजूला चार-चार वायसर घालून भर टाकलीय. तीस वर्षांत मी असली लबाडी बघितली न्हाई. चूक समजू शकतो. माणसाचा आटा जातो, माझा पण गेलाय. पण गेलेला आटा झाकायचा? हे काम कुणी केलं?"

आता सांगतो, मी ठरवून काही बोललो नाही. तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय आणि ते खरंच आहे. जीभच पुढं झाली.

"मेस्त्रीनं."

"कुठला मेस्त्री?"

"राजारामपुरीतला. बाबालाल मुजावर."

आण्णांनी चष्मा काढला. "बाबालाल मुजावर? नक्की?"

"नक्की."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "बरं झालं बाबा, आजच कळलं. कारखान्याच्या शेतकी खात्याच्या चाळीस मोटारसायकली हाईत. वर्षाचं काम एका गॅरेजला द्यायचं ठरलंय. साहेबांनी हेच नाव माझ्यापुढं ठेवलं होतं. उद्या मी व्हय म्हणणार होतो."

मला हे काम माहीत होतं. बाबालाल दोन महिने त्याच्या मागं होता. ते मिळालं की दुसरं शटर घेतो म्हणायचा.

"तुमचा काय दोष?" आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गिऱ्हाईक बिचारं इस्वासानं गाडी देतंय. आणि तुम्ही स्वच्छ सांगितलासा, आडपडदा ठेवला न्हाई. मला बरं वाटलं." मग आवाज चढवून म्हणाले, "त्रिशला! हातावर पाणी घाल गं."

"घालते," मागनंच आवाज आला.

ती दारात तांब्या घेऊन उभी होती. किती वेळ, मी विचारलं नाही. तिनं वडलांच्या हातावर पाणी घातलं. आण्णा हात पुसत आत गेले आणि आत त्यांचा आवाज आला, "मामा, काढा पंचांग! माणूस चांगला हाय." माझी आई हसली. त्रिशला तिथंच उभी.

"तुम्ही स्वतः बसवले म्हणाला होता," ती हळू आवाजात म्हणाली.

"त्रिशला, ऐक—"

"बाबालालभाई विजापूरला आहेत. मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"माझ्या तोंडातनं निघून गेलं. मी मुद्दाम नाही केलं गं."

"मग आत जाऊन सांगा."

"आता? आता सगळं जुळलंय!"

"म्हणून तर आता."

"लग्न झालं की सांगतो. तुझ्या गळ्याची शपथ. तेव्हा ते हसतील."

"तोवर चाळीस गाड्या दुसऱ्याकडं जातील." तिनं तांब्या पायरीवर ठेवला. "त्या माणसानं आजवर आमच्या दुकानातनं एक बोल्ट मापाशिवाय नेला नाही. आण्णा चिडतील, तुम्हाला जा म्हणतील. म्हणू देत. त्यांची समजूत घालायची ती मी घालते. महिना लागेल, दोन महिने लागतील. पण तोंड तुम्ही उघडायचं."

"आणि नाही उघडलं तर?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, की मी असं विचारेन हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"चहा ठेवलाय," ती म्हणाली. "चहा होईस्तोवर वेळ आहे."

मी आत गेलो. मामांच्या मांडीवर पंचांग होतं. अक्षय तृतीयेनंतरचे दिवस बघणं चाललं होतं. आई म्हणत होती, आमच्याकडं माणसं फार नाहीत, दीडशे पानं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णा म्हणाले, "भूपालराव, सुट्टी मिळंल न्हवं तुम्हाला?" मी म्हणालो, मिळेल. मग मामांनी कुठल्याशा मंगल कार्यालयाचा विषय काढला. मी पुन्हा तयारी केली. त्रिशलाच्या आईनं विचारलं, "जावयबापू असे गप का?" सगळे हसले. जावयबापू! मी पण हसलो. आतून कपबश्यांचा आवाज यायला लागला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "आण्णा, मला एक—"

सगळे थांबले. आण्णांनी पंचांगातनं मान वर केली. "बोला की."

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, प्रेमानं. आईच्या डोळ्यांत तर पाणीच आलं होतं. वडील गेल्यापासून मी तिला इतकं खुश कधी बघितलं नव्हतं.

"—एक ग्लास पाणी मिळेल काय?"

"अगं, पाणी आणा गं!"

त्रिशलाच पाणी घेऊन आली. चहा नव्हता तिच्या हातात, नुसता ग्लास. तो माझ्यापुढं ठेवला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "आण्णा, मला हे स्थळ नको."

कुणाला आधी कळलंच नाही. मग तिची आई एकदम, "अगं बया! काय बोलतीस तू?"

"मला नको."

"महिनाभर माझं डोकं कुणी खाल्लं मग?" मामा उठून उभेच राहिले. "तूच म्हणालीस ना, मामा, तुम्ही आण्णांशी बोला म्हणून? मी तोंड कुठं दाखवायचं आता?"

"कारण?" आण्णांनी विचारलं. आवाज शांत होता. "पोरी, माणसं घरात बोलवून अपमान करत न्हाईत. कारण सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. अजून एक संधी देत होती ती, हे मला कळत होतं. मला सगळं कळत होतं. मी पुढ्यातल्या ग्लासकडं बघत राहिलो.

"कारण काही नाही," ती म्हणाली. "मन नाही माझं."

तिच्या आईनं तिच्या दंडाला धरून तिला आत ओढत नेलं. आतून एक चापट ऐकू आली. माझी आई पदर सावरत उठली आणि म्हणाली, "नशीब आमचं, आधीच कळलं. असल्या लहरी पोरीबरोबर माझ्या लेकाचा संसार व्हायचा नव्हताच." तरी मी बसूनच होतो. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं, सगळ्यांनी, आणि मी ती कीव घेतली.

बाहेर आण्णा माझ्यामागं आले. त्यांनी माझ्यापुढं दोन्ही हात जोडले. पासष्ट वर्षांच्या माणसानं! "पोरीचं मनावर घेऊ नका. लाडावून ठेवली, चूक माझी." मग म्हणाले, "असं तेल गळत कुठं जाता? थांबा." आतून पत्र्याची पेटी आणली, उकिडवे बसले. काडी घालून भोकाची खोली मापली, पेटीतनं पंचेचाळीसचा एक बोल्ट निवडला. "तळाला अजून चांगले आटे हाईत. लांब बोल्ट घातला की धरतंय." हातानंच सावकाश फिरवत नेला आणि शेवटी पान्यानं जरासा, अगदी जरासा आवळला. थेंब थांबला. मी उभा राहून बघत होतो. तेव्हाही कुणी नव्हतं जवळपास. फक्त ते आणि मी. सांगता आलं असतं.

मी "येतो" म्हणालो आणि गाडीला किक मारली.

पुढं महिनाभर मी उद्यमनगरात पाऊल टाकलं नाही. कानावर येत होतं. जयसिंगपुरात बोभाटा झाला होता की मगदुमांची पोरगी चढेल आहे, घरात आलेल्या माणसांना तोंडावर नाही म्हणते. त्यानंतर दोन वर्षं तिला कुठलं स्थळ आलं नाही. त्या दोन वर्षांत माझं लग्न झालं, चांगलं झालं. बायको समजूतदार मिळाली. तिला ह्यातलं काही माहीत नाही.

बाबालालला मी इतकंच सांगितलं होतं की पोरीनं नाही म्हटलं. तो चार दिवस जेवला नव्हता धड. माझ्यासाठी. आणि त्या रविवारनंतर दीड महिन्यानं एका सकाळी त्यानं मला निरोप पाठवला, असशील तसा ये.

गेलो तर गॅरेजबाहेर ओळीनं आठ मोटारसायकली उभ्या, सगळ्यांच्या नंबरप्लेटवर कारखान्याचं नाव. भिंतीला पुठ्ठे टेकून ठेवलेले, त्यात खोचलेले बोल्ट. मला बघताच बाबालालनं हातातलं फडकं फेकलं आणि तेलकट हातांनीच मला कवळ घातली.

"मिळालं लगा! चाळीसच्या चाळीस!"

"कसं काय?" मी विचारलं.

"आण्णा मगदूम सोता आलते परवा. ह्या स्टुलावर बसले, तासभर माझं काम बघितलं. मी विचारलं, आण्णा, आमचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हटले, तुझं नाव आमच्या अंगणात निघालं होतं. म्हटले, बाकी खरं काय ते नंतर लेकीनं सांगितलं. बाकी काय बोलले न्हाईत. उठले आणि गेले."

म्हणजे त्रिशलानं बापाला सगळं सांगितलं होतं. चाळीस गाड्या जाऊ नयेत म्हणून सांगावंच लागलं असणार. आणि आण्णांनी ते ऐकून घेतलं, इथं येऊन त्या माणसाचं काम त्याला दिलं, आणि माझं नाव मात्र तोंडातनं काढलं नाही. जयसिंगपुरात पोरीची बदनामी चालली होती, तीही त्यांनी तशीच सोसली.

बाबालालनं शेजारच्या पंक्चरवाल्याला, चहावाल्याला हाका मारल्या. "अरे या रे इकडं! बघा ह्या माणसाकडं. सोताचं लग्न जुळवायला गेलता. तिथं पोरीनं तोंडावर नाही म्हटलं. दुसरा असता तर रडत आला असता. पण ह्यो बहाद्दर तिथं माझं नाव सांगून आला! असा दोस्त हाय काय कुणाचा?"

लोक माझ्याकडं बघत होते. चहावाल्यानं कपाळाला हात लावून मला सलाम केला. बाबालालनं माझा हात त्याच्या दोन्ही काळ्या हातांत धरला होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"गप का लगा? लाजतोस काय? तूच सांगितलंस न्हवं तिथं माझं नाव?"

"व्हय," मी म्हणालो. "मीच सांगितलं."